बुधू झोपलाय

मी मुलांना बारीक आवाजात गायला शिकवत होते, आणि त्यानं माझ्या बारीक आवाजावर हातोडी मारली.

खरीखुरी हातोडी. आमच्या गावच्या मराठी शाळेची पडवी लांबलचक आहे. एका टोकाला मी आणि पहिली ते चौथीची मुलं, दुसऱ्या टोकाला, घंटेखाली, हा. मांडीवर भजनी मंडळाचा पखवाज आडवा, हातात हातोडी. ठक्... ठक्... मग चामड्याच्या पानावर एक थाप, सूर लागला का ते कान लावून ऐकणं, मान हलवणं आणि पुन्हा ठक्. जणू शाळा रिकामीच आहे. जणू मी तिथं नाहीच.

"ओ," मी म्हटलं, "इथं तालीम चाललीये."

"चालू दे ना," तो मान वर न करता म्हणाला. "मी कुठं थांबवली?"

"आवाज होतोय तुझा."

"माझा?" आता त्यानं वर बघितलं. हसू आवरताना माणसं डोळे बारीक करतात तसे केले. "मघापासून 'बारीक म्हणा, बारीक म्हणा' असं कोण ओरडत होतं गो? पार खळ्यावर ऐकू आलं. मला वाटलं, कुणाची म्हैस सुटली."

मुलं हसली. माझी मुलं — जी तीन दिवस माझ्या एकाही सांगण्यावर हलली नव्हती, ती याच्या म्हशीवर लोळून हसली.

मला असा राग आला की कानांच्या पाळ्या गरम झाल्या. खरं तर दहावीपर्यंत मी हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात 'हजर' म्हणणारी मुलगी होते. मग टोकावड्याला अकरावीत गेले, वक्तृत्व स्पर्धेत कशीबशी बोलले, आणि मला कळलं की आपण बोललो की लोक ऐकतात. तेव्हापासून मी थांबलेच नव्हते. आई म्हणायची, जयूच्या तोंडाला आता झाकण राहिलं नाय.

"तुझं नाव काय?" मी विचारलं. नाव कळलं की भांडायला सोपं जातं.

"कुंडलिक."

"आजोबांचं नको, तुझं सांग."

आता मुलं माझ्या बाजूनं हसली. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं... आणि मी मुलांकडे तोंड फिरवून पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "बारीक म्हणा."

आता गोष्ट अशी होती. मुरबाडला तालुक्याची समूहगीत स्पर्धा होती, दिवाळीच्या सुट्टीआधी. शाळेतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. म्हणून विशे गुरुजींनी मला बोलावलं, "जयश्री, तू गातेस ना? मग तूच बसव." मी गाणंसुद्धा स्वतःच रचलं, पिकल्या भातावर येणाऱ्या पाखरांचं. चालही माझीच. सगळं छान होतं. फक्त मुलांना एकच आवाज माहीत होता, आणि तो म्हणजे फाट्यापर्यंत जाणारा.

यात मुलांची काही चूक नाही. आमच्या फाट्यावर धाऊचं चहाचं दुकान आहे. शाळेपासून बरंच लांब, मध्ये शेतं. विशे गुरुजी संध्याकाळी तिथं चहाला थांबतात आणि धाऊ सांगतो, "गुरुजी, आज सतराचा पाडा झकास झाला. एकोणीसला पोरं जरा दमली." एवढं ऐकलं की गुरुजींचा चहा गोड होतो. पाढे, प्रार्थना, कविता, सगळं धाऊपर्यंत पोचलं तर पाठ झालं. नाही पोचलं तर पुन्हा. अशा शाळेत शिकलेल्या मुलांना बारीक आवाज कुठून ठाऊक असणार?

मी सगळं करून पाहिलं. 'हळू म्हणा' म्हटलं तर ती संथ म्हणायची, पण आवाज तेवढाच. हात वर केला की मोठा, हात खाली केला की बारीक, असं ठरवलं. हात खाली केला तर सगळी एकदम गप्प झाली, नुसते ओठ हलायला लागले. मी म्हटलं, मोठा आवाज म्हणजे वाघाचा, बारीक म्हणजे मुंगीचा. तर दुसरीतला येसू उठून उभा राहिला. "ताई, मुंगीला आवाजच नसतो."

पलीकडून पखवाजवाला म्हणाला, "बरोबर हाय त्याचं."

"तुला कुणी विचारलं?"

"मुंगीनं."

आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला आनंदाची बातमी दिली. "साथीला पखवाज घेऊ. कुंडलिक वाजवेल. शेजारच्या गावचा आहे, बारावीलाच आहे टोकावड्याला, तुझ्याच कॉलेजात, दुसऱ्या तुकडीत. हात एकदम भारी आहे हो. तीन गावांत ऐकू जातो."

तीन गावांत. मला फाटा जड जात होता, आता तीन गावं आली.

कॉलेज सुटलं की तो वडिलांच्या जीपच्या मागच्या पायरीवर उभा राहून "मुरबाड मुरबाड मुरबाऽऽड" ओरडायचा, आणि जीपच्या फेऱ्या संपल्या की आमच्या शाळेत यायचा. म्हणजे तोंडही मोठं आणि हातही. पहिल्याच तालमीत त्यानं अशी थाप मारली की कौलावरची चिमणी उडाली आणि माझं गाणं कुठं गेलं ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

"ही काय दिंडी आहे का?" मी म्हटलं. "मुलं ऐकू येत नाहीत तुझ्यापुढं."

"मग त्यांना म्हणावं, जोरात म्हणा."

"मला जोरात नकोय. मला कमी-जास्त हवंय. कुठं मोठं, कुठं बारीक. गाणं म्हणजे सपाट रस्ता नसतो."

"आमच्याकडं सपाट रस्ता कुठं हाय? पुढं माळशेजचा घाटच लागतो." मग पखवाजाचं डावं पान चाचपून म्हणाला, "मोठं-बारीक पायजे ना? मग मूठभर कणीक आण घरून. ह्याला कणीक थापल्याशिवाय हा नीट बोलत नाय."

"मी तुझ्यासाठी कणीक मळू?"

"माझ्यासाठी नाय. तुझ्या गाण्यासाठी."

मी तणतणत घरी गेले आणि तणतणत पीठ भिजवून आणलं. त्यानं गोळा हातात घेतला, दाबला, वास घेतला. पानावर थापला. तो घसरून थेट त्याच्या मांडीवर पडला. पुन्हा थापला, पुन्हा पडला. मुलं श्वास धरून बघत होती.

"जयश्री," तो फार गंभीरपणे म्हणाला. मला त्यानं नावानं पहिल्यांदाच हाक मारली. "हे तांदळाचं पीठ हाय. ह्याची भाकरी होते. पखवाज नाय होत."

आमच्या घरात पीठ म्हणजे तांदळाचंच. पोळ्या होतात सणाला. हे त्याला माहीत नव्हतं काय? चांगलं माहीत होतं. त्याच्याही घरी तेच असणार. नुसती कणीक म्हणाला, गव्हाची म्हणायला तोंड दुखत होतं? मी त्याला हे सगळं ऐकवलं. तो मांडीवरचं पीठ खरवडत ऐकत होता, आणि मला बोलता बोलता दिसलं की त्याच्या पापणीवरसुद्धा थोडं पीठ उडालंय... आणि ते सांगावं की सांगू नये, हे ठरवता ठरवता माझं पुढचं वाक्य हरवलं.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी मी काकूकडून मागून गव्हाची कणीक आणली. वाटेत स्वतःलाच विचारत होते की आपण रागावलेलो असताना एवढी मऊ का मळली.

मंगळी आली ती त्याच आठवड्यात. तिसरीतली, ओढ्यापलीकडच्या वाडीतली. तिची आई गवत कापायला जायची, म्हणून धाकटा भाऊ मंगळीच्या कडेवर. मंगळवारी झाली ती मंगळी, बुधवारी झाला तो बुधू. ती पडवीच्या वाशाला लुगड्याची झोळी बांधायची, बुधूला आत टाकायची आणि एका हातानं झोका देत गाणं म्हणायची. तिचा आवाज एवढासा. तिच्याकडं मी बघितलंही नव्हतं फारसं. ओरडणाऱ्यांना गप्प करण्यात माझा दिवस जात होता.

त्या दिवशी गाणं ऐन भरात होतं. मुलं ओरडत होती, कुंडलिकनं मोठ्या थापेसाठी हात वर उचलला होता, आणि मंगळीनं झोळीत डोकावून बघितलं. बुधूचे डोळे मिटत होते. तिनं फक्त मान वळवून कुंडलिककडं बघितलं.

आणि हात तिथंच थांबला. हवेत.

ज्याला मी आठवडाभर सांगून घसा बसवून घेतला, त्याला हिनं नुसत्या डोळ्यांनी थांबवलं.

मग त्याहून मोठी गोष्ट झाली. मुलांनी गाणं सोडलं नाही. बुधू झोपतोय हे एकेकाला दिसत गेलं, तसा एकेकाचा आवाज खाली आला. संथ झाला नाही, गप्पही झाला नाही. नुसता... मऊ झाला. तोच येसू, तीच सगळी, शब्द एकेक ऐकू येणारे. त्यांच्यातल्या प्रत्येकानं घरी कुणाला ना कुणाला झोळीत झोपवलेलं होतं. आया लावणीला, कापणीला गेल्या की हेच काम. मी मुंगी आणि वाघ शोधत बसले होते.

"हे तू शिकवलंस?" कुंडलिकनं माझ्या कानाजवळ विचारलं. बुधूसाठी, बारीक आवाजात.

"नाही."

"मग गप ऐक."

एरवी मला कुणी गप म्हटलं असतं तर... पण मी गप्प ऐकलं. आमच्या मध्ये एक वीत जागा होती, आणि बाहेर पिकल्या भाताचा गोडसर वास सुटला होता. मला आठवतं, मी त्या एका वितीकडेच बघत होते.

त्या दिवसापासून आमच्या गाण्यात दोन आवाज झाले. एक राखणीचा. भात पिकलं की हीच मुलं शाळेआधी शेतात माळ्यावर चढून पोपट हाकलतात, तो आवाज त्यांच्या गळ्यात होताच. दुसरा बुधूचा. मी म्हणायचे, "पाखरं कुठं आहेत?" की सगळी आभाळाकडं बघून, "हो हो हो, पाखरा जा रे!" मी म्हणायचे, "बुधू झोपलाय," की सगळी खाली. आणि मधलं सगळं आपण शेजारच्याशी बोलतो तेवढं. एवढंच तर होतं. आपण कुणासाठी गातोय ते कळलं की केवढ्यानं गायचं ते सांगावं लागत नाही.

मी त्याच संध्याकाळी शेवटचं कडवं लिहिलं.

भात निजलं, वाट निजली,
निजली नदी खडकाशी;
चांदणं येतं हळूच पावली
झोपल्या बाळाच्या उशाशी.

शेवटची ओळ मंगळीनं एकटीनं म्हणायची, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. तिनं ती पहिल्यांदा म्हटली तेव्हा कुंडलिक पखवाजावर बोट टेकवायलासुद्धा विसरला.

आणि मग धाऊ मधे आला.

"गुरुजी," तो चहा ओतता ओतता म्हणाला, "आज सुट्टी दिलीत काय पोरांना? कायच ऐकू आलं नाय."

दुसऱ्या दिवशी गुरुजी पडवीत येऊन उभे राहिले. शेवटचं कडवं ऐकलं. कपाळाला आठ्या.

"जयश्री, हे काय? स्पर्धेला न्यायचीत ना ही मुलं? का आजाऱ्याला भेटायला?"

"गुरुजी, ते मुद्दाम बारीक आहे."

"मुद्दाम कसलं. भीती वाटली की मूल बारीक बोलतं. तालुक्यासमोर माझी मुलं घाबरलेली दिसायला नकोत. शेवट जोरात घ्या. सगळ्यांनी. आणि ती मंगळी —" त्यांनी तिच्याकडं न बघताच सांगितलं, "तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा जायचा नाही. तिला राहू दे. शिवाय ते बाळ कुठं सांभाळणार मुरबाडला?"

मंगळी झोका देत होती. तिचा हात थांबला नाही, फक्त ती दोरीकडं बघत राहिली. तिनं आईकडून नवी रिबीन मागून ठेवली होती. दोन दिवस मला दाखवत होती.

मी गुरुजींशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "गुरुजी, गाणं धाऊसाठी नाहीये." म्हटलं, "तिच्यामुळं बाकीची शिकली." म्हटलं, "तिला काढलंत तर गाण्याला शेवटच नाही." गुरुजी म्हणाले, "तुझं वक्तृत्व चांगलं आहे हो, पण मुलं माझी आहेत." आणि मी कुंडलिककडं बघितलं. तीन गावांत ज्याचा हात ऐकू जातो, अख्खा मुरबाड रस्ता ज्याच्या तोंडाला कंटाळलाय, तो पखवाजाची दोरी बांधत बसला होता. खाली मान घालून.

गुरुजी गेल्यावर मी त्याला म्हटलं, "बोलला का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं?"

"दोघांनी बोललं असतं तर काहीतरी झालं असतं. नाहीतर कळलं तरी असतं की तुला वाटतं काहीतरी."

"वाटतं की," तो म्हणाला. "पण सगळंच काय वरड..."

"नको सांगूस. तुझा आवाज फक्त सीटा भरायला आहे."

हे जरा जास्तच लागलं असावं, कारण तो हसला नाही. मीही हसले नाही. स्पर्धेपर्यंत आम्ही एकमेकांशी फक्त "सुरू" आणि "पुन्हा" एवढंच बोललो, आणि मला दर तालमीनंतर इतका राग यायचा की घरी जाऊन मी दोन हंडे जास्त पाणी भरायचे.

स्पर्धेच्या दिवशी फाट्यावर जीप उभी. गुरुजी पुढं ड्रायव्हरशेजारी, म्हणजे कुंडलिकच्या वडिलांशेजारी, मांडीवर शाळेचं दप्तर घेऊन. मागं सगळी मुलं. आमच्याकडं जीपमध्ये किती मावतात हे विचारायचं नसतं. मी चढले आणि बघते तर कोपऱ्यात, गर्दीत दबून, मंगळी. नव्या रिबिनीत. मांडीवर बुधू.

मी कुंडलिककडं बघितलं. तो पायरीवर उभा होता, रस्त्याकडं बघत.

"गुरुजी गाण्यातून काढा म्हणाले," तो वाऱ्याला सांगितल्यासारखं म्हणाला. "जीप आमची हाय. जीपमधून काढा असं नाय म्हणाले."

मी तोंड फिरवलं. पण फाट्यापासून मुरबाडपर्यंत मी त्याच्या पखवाजाचं एक टोक माझ्या मांडीवर धरून ठेवलं, खड्ड्यात आपटू नये म्हणून.

मुरबाडला मांडव मोठा होता. खांबाखांबाला कर्णे. एकेक शाळा येत होती आणि आधीच्यापेक्षा जोरात ओरडून जात होती. माईक कण्हत होता. मंगळी बुधूला घेऊन मांडवाबाहेर फेऱ्या मारत होती, कारण तो किरकिरायला लागला होता. गुरुजींनी तिला बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं. ते मुलांना एवढंच म्हणाले, "शेवट जोरात. विसरायचं नाही."

मुलं उभी राहिली. पाखरं आली, राखण झाली, मांडवावरचं कापड हललं असेल. कुंडलिकचा हात काय सांगू, गुरुजींची मान अभिमानानं डोलायला लागली. आणि शेवटच्या कडव्याआधी, जिथं गुरुजींच्या हुकमाप्रमाणं सगळ्यात मोठी थाप पडायची होती, तिथं मंगळी मांडवात आली. बुधू तिच्या खांद्यावर मान टाकून नुकताच झोपला होता. उन्हातून दमून ती सरळ येऊन पुढच्या सतरंजीवर बसली. मुलांच्या बरोबर समोर.

येसूनं ते पहिल्यांदा बघितलं.

त्याचा आवाज खाली आला. मग शेजारच्या सकूचा. मग सगळ्यांचा. स्पर्धा, परीक्षक, गुरुजींचा हुकूम, सगळं मुलं विसरली. बुधू झोपला होता आणि झोपलेल्या बाळासमोर ओरडायचं नसतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

कुंडलिकचा हात वर गेलेला होता. मी बाजूला उभी, माझा जीव त्या हातात अडकलेला. त्यानं थाप मारली असती तर मुलं दचकली असती आणि परत वर गेली असती, गुरुजींना हवं ते झालं असतं. तो हात हवेत थांबला... आणि खाली आला तो नुसत्या बोटांवर. पावसानंतर कौलावरून थेंब पडतात तसा. तीन गावांत ऐकू जाणारा पखवाज त्याच्या समोरच्या माणसालाही कान देऊन ऐकावा लागला असता. आणि मांडव कान देऊन ऐकायला लागला. भजीवाल्यानं झारा ठेवला. शेवटच्या ओळीला मुलं थांबली, सवयीनं. आणि सतरंजीवर बसलेल्या मंगळीनं, बुधूला थोपटत, आपण स्पर्धेत नाही हे विसरून, म्हटलं —

झोपल्या बाळाच्या उशाशी.

माईक नव्हता तिच्यापुढं. पण गुरुजी पार मागं, शेवटच्या खांबाजवळ उभे होते, आणि मी बघितलं, त्यांनी टोपी काढली.

निकालात आमचं नाव नव्हतं. परीक्षकांनी कर्ण्यावरून सांगितलं, "या शाळेची सुरुवात चांगली. शेवटी मात्र मुलांचा आवाज पडला. सराव कमी." माझ्या डोक्यात तिडीक गेली. आवाज पडला? मी पदर... म्हणजे ओढणी कमरेला खोचली आणि व्यासपीठाकडं निघाले. पण माझ्या पुढं कुणीतरी निघालं होतं.

"साहेब," विशे गुरुजी परीक्षकांसमोर उभे होते. संतापानं त्यांची मिशी थरथरत होती. "माझ्या मुलांचा आवाज पडत नसतो. फाट्यावर ऐकू जातो, विचारा कुणालाही. तो पडला नाही. त्यांनी तो खाली ठेवला. बाळ झोपलं होतं समोर, दिसलं नाही तुम्हाला?"

परीक्षक कागद चाळायला लागले. मी खोचलेली ओढणी सोडली.

परत निघताना गुरुजींनी सगळ्यांना भजी खाऊ घातली आणि जीपमध्ये चढण्याआधी मंगळीसमोर उभे राहिले. "उद्यापासून प्रार्थनेला पुढं उभं राहायचं."

"बुधू?" मंगळी म्हणाली.

"त्यालापण घे."

जीप निघाली. ऊन उतरलं होतं, दोन्ही बाजूंना पिवळी शेतं. मुलं एकमेकांवर कलंडून झोपली. मंगळीनं डोळे मिटले, बुधू तिच्या मांडीत. कुंडलिक पायरीवर, मी कडेला, मध्ये पखवाज.

"थाप का नाही मारलीस?" मी विचारलं. बारीक आवाजात, बुधूसाठी.

"तुला माहीत नाय?"

"नाही. सांगितल्याशिवाय मला कळत नाही. त्या दिवशीही सांगितलं नाहीस."

त्याची बोटं जीपच्या टपावर वाजत होती, नकळत. "पंधरा दिवस बोटांनी वाजवायला शिकतोय मी. ह्या टपावर. बाबा म्हणाले, गाडीत उंदीर झालेत बहुतेक."

मला हसू आलं. मी ते दाबलं. अजून राग संपला नव्हता माझा, तो एवढ्यात संपवायचाही नव्हता. "कशासाठी पण?"

"तू बारीक बारीक म्हणून वरडत होतीस ना." तो वाकला, वाऱ्यात ऐकू जावं म्हणून, पण आवाज चढवला नाही. "मोठ्यानं तर मी मुरबाड पण म्हणतो, जयश्री. सगळ्यांसाठी. हे... एकीसाठीच होतं. मला आवडतेस तू."

घ्या. तीन गावं दणाणून सोडणारा मुलगा आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य असं बोलला की निम्मं वाऱ्यानं नेलं. मला भयंकर राग आला.

"काय? ऐकू आलं नाही."

"आलंय तुला."

"पुन्हा सांग."

"बुधू झोपलाय," तो म्हणाला. डोळे बारीक करून.

मग मीसुद्धा... मी, जिच्या तोंडाला झाकण नाही, मी पखवाजावरच्या वाळक्या कणकेची पापडी नखानं काढत, इतक्या बारीक आवाजात "मलापण" म्हटलं की ते माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. पण त्याची टपावरची बोटं थांबली. म्हणजे पोचलं.

आणि तेवढ्यात, फाटा समोर दिसायला लागलेला, धाऊच्या दुकानातला स्टोव्ह निळा पेटलेला, गुरुजी पुढं डुलक्या घेत असलेले, मंगळीनं डोळे न उघडता, एवढ्या मोठ्या आवाजात की तसा मी तिचा कधी ऐकला नव्हता, सांगून टाकलं —

"ताई, बुधू कवाच उठलाय. बोला ना मोठ्यानं."

दुकानाच्या दारात किटली हातात घेऊन उभा असलेला धाऊ म्हणाला, "हां. आता आलं ऐकू."